आरतीचे तबक केव्हा फिरवावे? : मोफत शैक्षणिक संकेतस्थळांवरील ऐच्छिक देणगीचे परीक्षण

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतून गणिताचा शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर दहावीच्या बीजगणिताच्या आणि भूमितीच्या सराव प्रश्नपत्रिका मी एका साध्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवू लागलो, त्याला आता पाच वर्षे होतील. संकेतस्थळाचे नाव आणि जागा यांचे भाडे दरवर्षी भरावे लागते व गेल्या वर्षी ते सगळे मिळून ४,२०० रुपये झाले. रक्कम निवृत्तिवेतनातून सहज निघते. तरीही 'सर, शेवटी एक क्यूआर टाका, ज्याला द्यायचे तो देईल', असा आग्रह जुन्या सहकाऱ्यांनी धरला आणि तो मला सरसकट झिडकारताही येईना. तेव्हा स्वतः मागण्याआधी इतर लोक कसे मागतात हे देणाऱ्याच्या जागी बसून पाहावे, असे मी ठरवले. ज्या मोफत शैक्षणिक संकेतस्थळांचा मी वर्गात किंवा घरी प्रत्यक्ष उपयोग केला आहे, त्यांच्यासाठी वर्षाला ३,००० रुपये बाजूला काढले आणि प्रत्येक ठिकाणी देणगी कशी मागितली जाते, किती वेळा मागितली जाते आणि नाही म्हटल्यावर काय होते, हे वहीत टिपून ठेवले. पुढील परीक्षण त्या संकेतस्थळांवरील साहित्याचे नाही. ते साहित्य उत्तम आहे, म्हणून तर देणगी द्यावीशी वाटली. परीक्षण आहे ते फक्त मागण्याच्या रीतीचे.

आमच्या गावात कीर्तन असले की तबक फिरते ते आरतीच्या वेळी. उत्तररंग संपलेला असतो, बुवांनी काय दिले हे प्रत्येकाला कळलेले असते आणि तबकात कोणी दहा रुपये टाकतो, कोणी नुसता हात फिरवून डोळ्यांना लावतो. दोघांनाही बुक्का सारखाच लागतो. पूर्वरंग ऐन रंगात आलेला असताना कोणी तबक घेऊन रांगांमधून हिंडू लागला तर लोक पैसे देतील कदाचित, पण अभंग त्यांच्या कानातून निसटेल. वर्षभराच्या नोंदी चाळताना मला दिसले की बहुतेक संकेतस्थळांचा बरा-वाईटपणा या एका गोष्टीवरच ठरतो.

'फेट' (PhET) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विज्ञान-गणिताच्या सिम्युलेशनपासून, म्हणजे पडद्यावर हाताळून पाहायच्या प्रयोगांपासून सुरुवात करतो, कारण माझ्या वर्गात सर्वांत जास्त वापरले गेले ते हेच. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वायमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या पारितोषिकाच्या रकमेतील काही भाग घालून हा प्रकल्प सुरू केला. त्यातील बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत आणि ती एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात, हे वीज आणि रेंज या दोन्हींचा भरवसा नसलेल्या शाळेला केवढे वरदान आहे ते निराळे सांगायला नको. येथे देणगीचा दुवा संकेतस्थळाच्या पानावर असतो, प्रयोगाच्या आत नाही. विद्युत परिपथ जोडताना, अपूर्णांकांचे तुकडे सरकवताना मुलाच्या डोळ्यांसमोर पैशाचा शब्द येत नाही. ज्याला द्यायचे आहे तो प्रौढ माणूस पानावर जातो आणि देतो. मागण्याचा सूर इतका हलका आहे की मी कित्येक वर्षे सिम्युलेशन वापरूनही तो दुवा माझ्या ध्यानात आला नव्हता. याला कोणी दोष म्हणेल. मी म्हणणार नाही.

हा मुद्दा मला का इतका महत्त्वाचा वाटतो, त्याला एक प्रसंग कारण आहे. शेजारची नववीतील मुलगी माझ्याकडे अधूनमधून गणिते विचारायला येते. तिच्या घरी एकच स्मार्टफोन आहे; तो वडिलांचा, आणि वडील टेम्पो चालवत असल्याने भाड्याचे पैसे त्याच फोनवर येतात. एकदा मी तिला एका संकेतस्थळावरील आलेखांचा धडा पाहायला सांगितला. दोन मिनिटांत तिने फोन उलटा करून सतरंजीवर ठेवला. काय झाले विचारल्यावर म्हणाली, "सर, पैसे मागतंय. पप्पांच्या खात्यातनं कापले गेले तर?" मी फोन हातात घेऊन पाहिले. धड्याच्या मधोमध एक चौकट उघडली होती, तिच्यात रुपयाच्या चिन्हासह तीन रकमा होत्या, एक रकमेचे बटण आधीच निळे झालेले होते आणि चौकट बंद करण्याची फुली फिकट राखाडी रंगात, नखाएवढ्या जागेत होती. ती चौकट बंद केली तर धडा पूर्ण मोफत होता, हे मला माहीत होते. तिला माहीत असण्याचे कारण नव्हते. मी फुली दाबून फोन परत दिला, परंतु तिने तो धडा त्या दिवशी पुढे पाहिला नाही.

याच्या मुळाशी शब्दाचीही एक अडचण आहे आणि ती परदेशातील संकेतस्थळांना ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात 'डोनेशन' हा शब्द शिक्षणाच्या संदर्भात कानावर पडला की दान कोणाच्या मनात येत नाही. प्रवेशासाठी टेबलाखालून द्यावी लागणारी रक्कम असाच त्याचा अर्थ दोन पिढ्यांच्या पालकांनी शिकलेला आहे. त्याविरुद्ध राज्याला १९८७ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. 'ऐच्छिक' या शब्दाचीही गत फारशी वेगळी नाही. पावतीवर 'ऐच्छिक देणगी' असे छापलेले असते आणि ती दिल्याशिवाय दाखला मिळत नाही, हा अनुभव ज्या घराने घेतला आहे त्या घरातील मुलीला पडद्यावरील 'डोनेट' हे बटण ऐच्छिक वाटावे, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? म्हणून मराठी विद्यार्थ्यांपुढे येणाऱ्या पानावर 'पैसे न देताही सर्व काही असेच मिळत राहील' हे वाक्य रकमेच्या आधी आणि रकमेहून ठळक अक्षरांत असले पाहिजे. मी पाहिलेल्या संकेतस्थळांपैकी हे कोणीही या क्रमाने केलेले नव्हते.

अमेरिकेतील राइस विद्यापीठाचा 'ओपनस्टॅक्स' हा प्रकल्प २०१२ पासून महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके विनामूल्य देतो. तेथे भौतिकशास्त्राचे पुस्तक उतरवून घेताना देणगीची विनंती करणारी चौकट समोर आली. देणगी न देता थेट पुस्तकाकडे जाण्याचा दुवा तिच्यातच होता, तो शोधावा लागला नाही आणि त्याच्या शब्दांत टोमणाही नव्हता. विनंती सभ्य होती, यात शंका नाही. तरीही ती पुस्तक हाती पडण्याच्या आधी आली. ज्या पुस्तकाचे मी अजून एक पानही वाचलेले नाही त्याबद्दल कृतज्ञता दाखवायची कशी, हा प्रश्न मनात राहिला. मी तेव्हा काही दिले नाही. तीन आठवड्यांनी, उष्णतेवरील प्रकरण वाचून झाल्यावर, स्वतःहून परत जाऊन दिले. उतरवण्याच्या क्षणी वाचकाची गाठ नक्की पडते आणि नंतर तो परत येईलच असे नाही, हे त्या मंडळींचे गणित मला समजते. माझ्यासारखे परतणारे किती असतील, याचा विचार केला तर ते गणित चुकीचेही म्हणता येत नाही.

विकिपीडियाबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण देणगीची विनंती म्हटले की बहुतेकांना तिथलीच आठवते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. सगळ्या भाषांतील विकिपीडियांचा तांत्रिक भार उचलणारी विकिमीडिया फाउंडेशन ही संस्थाही त्याच वर्षीची. लेखाच्या वर येणाऱ्या तिच्या पट्टीतील युक्तिवाद असा असतो, की शंभरातील दोनच वाचक देतात आणि प्रत्येकाने अगदी थोडे दिले तरी पुरेल. हा युक्तिवाद वाचताना मला आमच्याकडचा पैसा फंड आठवतो. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा या कल्पनेवर अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून निधी जमवला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. 'थोडे द्या, पण सगळ्यांनी द्या' या मागणीत दात्याचा मान राहतो, हे तिचे मोठे बलस्थान आहे.

परंतु पैसा फंड देणाऱ्याला कारखान्याची चिमणी दाखवता येत होती. विकिपीडियाच्या पट्टीत अनेक वर्षे असा सूर होता की वाचकाने आज दिले नाही तर हा ज्ञानकोश जणू उद्या बंद पडेल. संस्थेचे ताळेबंद उघड असतात. ते पाहिल्यास २०२२-२३ या वर्षाचा खर्च सुमारे १६.९ कोटी डॉलर होता आणि त्यात संकेतस्थळ चालते ठेवण्याच्या जागेवरील खर्च सुमारे ३१ लाख डॉलर होता. शिवाय २०१६ मध्ये सुरू केलेला कायम निधी २०२१ मध्येच दहा कोटी डॉलरपर्यंत पोहोचला होता. यावरून 'मग पैसे जातात कुठे?' असा जो ओरडा होतो तो मला पटत नाही, कारण अभियंते, सुरक्षा, कायदेशीर बचाव आणि निरनिराळ्या भाषांतील मदत हा खर्च खराच आहे. शाळा म्हणजे केवळ इमारतीचे भाडे नव्हे, हे मास्तराला तरी कळायला हवे. पटले नाही ते एवढेच, की ही सुस्थिती वाचकाला न सांगता त्याच्या मनात धास्ती निर्माण करावी. विशेष म्हणजे हा आक्षेप सर्वांत ठामपणे घेतला तो इंग्रजी विकिपीडियावर विनावेतन लिहिणाऱ्या संपादकांनीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी खुली चर्चा करून प्रस्तावित पट्ट्यांचा मजकूर अयोग्य ठरवला आणि संस्थेला तो बदलावा लागला. ज्या ठिकाणी घरचीच माणसे असे खडसावून सांगू शकतात आणि ते ऐकले जाते, त्या ठिकाणी देताना माझा हात आखडला नाही. यूपीआयने पैसे देणे दोन मिनिटांत झाले, आभाराचे पत्र लगेच आले.

माझ्या वहीत पहिला क्रमांक मात्र 'लिब्रिवॉक्स'चा आहे. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके जगभरातील स्वयंसेवक मोठ्याने वाचतात आणि ती ध्वनिमुद्रणे कोणालाही विनामूल्य मिळतात, असा हा २००५ पासूनचा उपक्रम. इंग्रजी ऐकण्याची सवय लावण्यासाठी मी तो माझ्या विद्यार्थ्यांना सुचवत आलो आहे. सुरुवातीची काही वर्षे या मंडळींनी पैसे मागितलेच नाहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी प्रथमच जाहीर विनंती केली, त्याच वेळी आकडाही सांगितला, वीस हजार डॉलर. आणि तेरा दिवसांत ती रक्कम जमल्यावर विनंती काढून घेतली. त्यानंतरही देऊ इच्छिणाऱ्यांना त्यांनी 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' आणि 'इंटरनेट आर्काइव्ह' या आपल्या सोबत्यांकडे जायला सुचवले. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचले. 'आता पुरे' असे म्हणणारा याचक आपल्या पाहण्यात किती येतो? देवस्थानच्या जीर्णोद्धाराचा फलक कळस चढल्यावर दहा वर्षांनीही उभा असलेला आपण सर्वांनी पाहिला आहे.

याच्या अगदी उलट अनुभव एका देशी संकेतस्थळावर आला. त्याचे नाव घेत नाही. पाचवी ते आठवीच्या विज्ञानाच्या चित्रफिती तेथे चांगल्या होत्या, म्हणून मी १०१ रुपये द्यायचे ठरवले. सुचवलेल्या रकमा ५००, १,००० आणि २,५०० अशा होत्या. 'इतर रक्कम' या चौकटीत १०१ लिहिल्यावर तांबड्या अक्षरांत उमटले की किमान रक्कम ३०० आहे. शेवटी ३०० लिहिले, फोनवर पिन टाकला आणि विसरून गेलो. पुढच्या महिन्यात फोनवर सूचना आली की उद्या आपल्या खात्यातून ३०० रुपये वळते होतील. परत जाऊन पाहिले तेव्हा कळले की 'दरमहा' या शब्दापुढे बरोबरची खूण आधीपासूनच होती आणि मी पिन टाकला तो एका महिन्यासाठी नव्हे, तर कायमच्या परवानगीसाठी. पडद्यावरचे नीट न वाचता पिन टाकला ही माझी चूक आहेच. आयुष्यभर मुलांना 'प्रश्न पूर्ण वाचा' असे सांगणाऱ्याने ती कबूल केलीच पाहिजे. अॅपमधील 'ऑटोपे' या भागात जाऊन मी ती परवानगी रद्द केली. पैसे कापण्याआधी ग्राहकाला कळवण्याचा नियम नसता तर ही बाब माझ्या लक्षात यायला किती महिने गेले असते, सांगता येत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑनलाइन फसवणुकीच्या तेरा छुप्या रीती नोंदवल्या आहेत. त्यांपैकी ग्राहकाच्या संमतीवाचून त्याच्या बिलात काहीतरी सरकवून देण्याच्या रीतीचे वर्णन करताना धर्मादाय रकमेचा आणि देणगीचा स्पष्ट उल्लेख आहे. नाही म्हणणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरण्याची रीतही त्याच यादीत आहे. विक्रीच्या दुकानाला जे शोभत नाही ते विद्यादानाच्या ठिकाणी चालवून घेण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

व्यवहाराच्या बाजूने दोन शब्द. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आपल्याकडे ८०जी ची, म्हणजे देणगीपोटी आयकरात मिळणारी सवलत मिळत नाही. देशी नोंदणीकृत संस्थेला दिली तरी नवी करप्रणाली घेतलेल्याला तिचा उपयोग नाही. म्हणजे माझ्यासारख्याने कर वाचवण्याच्या हेतूने द्यावे असे यात काही नाही आणि ते बरेच झाले.

पैसे मागणे हा एकच मार्ग आहे असेही नाही. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या 'एनपीटेल'वर शिकणे पूर्ण विनामूल्य आहे. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल त्यालाच १,००० रुपये शुल्क पडते. ही देणगी नव्हे, सरळ सौदा आहे आणि म्हणूनच त्यात कोणाचा गोंधळ होत नाही. आपल्या मराठीतील ई साहित्य प्रतिष्ठानची रीत तर मला फारच भावली. विनामूल्य पुस्तकाच्या आरंभी ते वाचकाकडे मागतात ती तीन मिनिटे: एक लेखकाला कळवण्यासाठी, एक प्रतिष्ठानला कळवण्यासाठी आणि एक इतरांना सांगण्यासाठी. मागणी पुस्तकाच्या आधी छापलेली असली, तरी ती पूर्ण करायची आहे ती वाचून झाल्यावर. लेखकाला आलेला एक फोन शंभर रुपयांहून जास्त दिवस पुरतो, हे ज्याने विनामूल्य लिहिले आहे त्याला विचारावे.

आणि तरीही, मागूच नये असे माझे मत झालेले नाही. खान अकॅडमीचे उदाहरण बोलके आहे. नोकरी सोडून घरच्या बचतीवर चित्रफिती बनवणाऱ्या सलमान खान यांच्या पानावर देणगीचे एक साधे बटण होते. २०१० मध्ये अ‍ॅन डोअर या बाईंनी त्यावरून दहा हजार डॉलर पाठवले आणि या गृहस्थांना पगारच नाही हे भेटीत कळल्यावर आणखी एक लाख डॉलर दिले. त्याच वर्षी गूगलचे वीस लाख डॉलर आले. बटण नसते तर पहिली रक्कम आली नसती. आमच्या साताऱ्यात तर हे सांगायला परदेशी जाण्याची गरज नाही. १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे कर्मवीर भाऊराव पाटलांनी घराघरांतील मूठभर धान्यावर, मुष्टिफंडावर चालवली. त्या मुठीत सक्ती नव्हती, संकोचही नव्हता.

म्हणून यंदाच्या मार्चमधील संचात मी क्यूआर टाकला. तो पहिल्या पानावर नाही, प्रश्नांच्या मध्ये नाही. उत्तरसूची संपल्यावर त्याच शेवटच्या पानाच्या तळाशी आहे. वर लिहिले आहे की विद्यार्थ्यांनी पैसे पाठवू नयेत, कमावत्या माणसाने वाटल्यास पाठवावेत, वर्षाचा खर्च ४,२०० रुपये आहे आणि तो भरला की हा चौकोन काढला जाईल. किमान रक्कम नाही. मी संस्था नाही, व्यक्ती आहे, त्यामुळे ८०जी ची पावती मिळणार नाही, हेही लिहिले आहे.

तीन महिन्यांत १,३४३ रुपये आले. त्यांत एक रक्कम अकरा रुपयांची आहे आणि तिच्यासोबत 'प्रमेय समजले' एवढाच मजकूर आहे. याहून जास्त का आले नाहीत, याचा उलगडा परवा तालुक्याच्या ठिकाणी झाला. तेथील झेरॉक्सवाला माझे संच दर शनिवारी मुलांना काढून देतो आणि प्रत्येक संचामागे एक पान कमी लागावे म्हणून शेवटचे पान गाळतो. क्यूआरचे मला काही वाटले नाही, पण त्याच पानाबरोबर उत्तरसूचीही जात होती आणि मुले तीन महिने उत्तरांवाचून गणिते सोडवत होती. पुढच्या संचात उत्तरे एक पान अलीकडे घेतली आहेत.